सोमवारबद्दल मंडळीत कुणीच विचारत नाही

तेलवात | शनिवार, रात्री ११.१०

सर्वांना सलाम.

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होते. आज लिहितेच.

मी हिशेबनीस आहे, चौदा वर्षं एकाच ठिकाणी. मागच्या वर्षअखेरीला वरिष्ठांनी सांगितलं की पुढच्या वर्षातली काही विक्रीची बिलं मागची तारीख टाकून याच वर्षात दाखवायची. रक्कम फार मोठी नव्हती. "सगळीकडे चालतं," म्हणाले. मी सही केली. तो शुक्रवार होता. रविवारी चर्चच्या उपासनेत प्रार्थना चालवायची पाळी माझी होती, ती मी चालवली. गायनमंडळातही उभी राहिले. बाहेर पडताना तिघांनी सांगितलं, ताई, आज प्रार्थना मनाला भिडली.

त्या रात्री झोप लागली नाही. प्रार्थना खोटी नव्हती, हे सगळ्यात जास्त टोचत होतं. मी मनापासून केली होती. शुक्रवारची सही मात्र त्या प्रार्थनेत कुठेच नव्हती. जणू ती दुसर्‍याच कुणा बाईनं केली होती.

बुधवारी वरिष्ठांकडे गेले आणि त्या नोंदी रिव्हर्स करायला सांगितलं. त्या झाल्या. मला वर्षअखेरीच्या कामातून काढून दुसर्‍या विभागात टाकलं, पगारवाढ थांबली. त्याची तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

एवढं सगळं घडलं त्या आठवड्यात मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एकाही माणसाला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, आणि सांगावं अशी जागाही मला दिसली नाही. मंडळीत माझा आवाज, माझं दान, माझी हजेरी सगळ्यांना माहीत आहे. आठवड्यातले पन्नास तास मी काय करते, हे कुणी कधी विचारलेलं नाही. येशूच्या मागे चालणं म्हणजे शिष्यत्व, तर ते चालणं घडतं त्या टेबलाशी. मग मंडळी नेमकी कशासाठी आहे? दुखावून विचारत नाहीये. मला खरंच कळून घ्यायचंय.

---

खडकावर | शनिवार, रात्री ११.५२

ताई, तुमचं कौतुक वाटतं. पण पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मनातलं कसं कळणार? तुम्हीच जाऊन बोलायला हवं होतं.

---

तेलवात | रविवार, पहाटे ५.४०

बरोबर आहे, बोलायला हवं होतं. पण कधी? दारात हात मिळवताना "कसं काय?" आणि "प्रभूच्या कृपेने बरं" एवढीच वेळ असते. आजारपण असेल, परीक्षा असेल, लग्न जमत नसेल, तर प्रार्थनेसाठी नाव देता येतं. "मी खोट्या कागदावर सही केली" यासाठी नाव कसं देणार?

---

जुना मेंढपाळ | रविवार, दुपारी ३.२५

मी निवृत्त पाळक आहे. एकतीस वर्षं सेवा केली. तेलवात ताई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. उत्तर देण्याआधी कबुली देणं भाग आहे.

माझ्या नोंदवहीत बाप्तिस्मे होते, दृढीकरणं (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचे विधी) होती, वर्गणी होती, कोण किती रविवार आला नाही ते होतं. कोण काय काम करतो याचा रकाना नव्हता. एकदा सभासदाचा हात यंत्रात सापडला म्हणून त्याच्या कारखान्यात जावं लागलं. तोवर अकरा वर्षं मी त्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर व द्राक्षारस, देत होतो. तिथं गेल्यावर कळलं की नव्या पोरांना यंत्रावर उभं करण्याआधी तो स्वतः प्रत्येकाला आठवडाभर शिकवायचा. त्याचा मोबदला त्याला मिळत नव्हता. शिकवताना वेळ जायचा म्हणून उलट बोलणी खायचा. एक पोरगा मला म्हणाला, "यांच्यामुळे माझी बोटं शाबूत आहेत." मंडळीत या माणसाची ओळख काय होती? खुर्च्या मांडणारा.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की पाळक व शिक्षक दिले ते पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करायला. मी मात्र ते वाक्य असं जगलो, की सेवा करायची मी आणि बाकीच्यांनी मला मदत करायची. 'सिद्ध करणे' यासाठी तिथं जो ग्रीक शब्द आहे, त्याचंच क्रियापद मार्कच्या पहिल्या अध्यायात येतं. येशूचे शिष्य झालेले कोळी याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथं. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात चुकलेल्या भावाला सौम्यतेनं पुन्हा ताळ्यावर आणा म्हटलंय, तिथंही तेच क्रियापद. फाटलेलं जाळं शिवायचं ते पुन्हा पाण्यात टाकण्यासाठी. किनार्‍यावर घडी घालून ठेवलेल्या जाळ्याला मासे लागत नाहीत.

तुमचं जाळं त्या शुक्रवारी फाटलं आणि रविवारी ते शिवायला आम्ही कुणी बसलो नाही. चूक तुमच्या एकटीची नाही.

---

पानोपानी | रविवार, रात्री ९.०५

जुना मेंढपाळ यांच्या पोस्टला जोडून थोडा इतिहास लिहितो, कारण हा प्रश्न नवा नाही.

'शिष्य' म्हणजे मूळ ग्रीकमध्ये 'शिकणारा'. शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये मिळून हा शब्द अडीचशेहून जास्त वेळा येतो. 'ख्रिस्ती' हा शब्द सगळ्या नव्या करारात फक्त ३ वेळा आहे, आणि कृत्यांच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की अंत्युखिया शहरात 'शिष्यांना' ख्रिस्ती हे नाव मिळालं. शिष्य आधी होते, नाव नंतर आलं. मला त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट ही, की पत्रांमध्ये 'शिष्य' हा शब्द एकदाही येत नाही. तिथं 'भाऊ', 'पवित्र जन', 'शरीराचे अवयव' येतात. मला त्याचा अर्थ असा लागतो: येशूच्या मागे गावोगाव फिरणारे लोक आता एकेका शहरात घर, धंदा, मुलंबाळं घेऊन राहत होते, आणि तिथं मागे चालायचं तर एकमेकांचं होऊनच चालावं लागत होतं.

आता ताईंच्या टेबलाकडे येतो. साधारण ११२ साली बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) रोमी सुभेदार धाकटा प्लिनी यानं सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं, या ख्रिस्ती लोकांचं काय करू? त्यानं चौकशी केली होती. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी करणार नाही, लुटालूट करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेव ठेवली असेल तर मागितल्यावर नाकारणार नाही. गायन आणि व्यवहार एकाच बैठकीत, उजाडून कामाला लागण्याआधी! आणि ही माहिती पक्की करायला प्लिनीनं दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीच्या सेविका होत्या, असं तोच लिहितो. दिवसभर मालकाच्या घरी राबणार्‍या, पहाटे मंडळीत सेवा करणार्‍या. त्यांची नावं आपल्याला मिळालेली नाहीत. मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या एका ओळीपाशी बराच वेळ थांबलो होतो.

पुढे साधारण १५५ च्या सुमारास जस्टिन हुतात्मा हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतो. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस. मग ऐपत असलेले स्वेच्छेनं देतात, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी वापरलं जातं. गैरहजर असलेल्यांकडे प्रभुभोजनाचा वाटा सेवकांच्या हाती पाठवतात. गैरहजर माणसाची तेव्हाही नोंद होत होती म्हणायची, पण त्याचा वाटा पोचवण्यासाठी.

---

खडकावर | रविवार, रात्री १०.१५

पानोपानी, छान माहिती. ताई, माझं पहिलं उत्तर घाईचं होतं. माफ करा.

---

अल्लेलुया सकाळ | सोमवार, सकाळी ७.३०

मला इथे थोडं अडवायचंय. चर्चा वाचून असं वाटू लागलंय की मंडळी ही आठवड्याच्या कामासाठी माणसं तयार करणारी कार्यशाळा आहे, आणि उपासना हे त्याचं साधन. मला हे मान्य नाही.

आपण जमतो ते देव आराधनेला योग्य आहे म्हणून. त्यातून माझं कामकाज सुधारलं नाही तरी तो योग्यच आहे. मंडळीच्या उपयोगाचा हिशेब मांडायला लागलो, की ज्यांचा 'उपयोग' होत नाही त्यांचं काय? नोकरी गेलेला, अंथरुणाला खिळलेला, ज्याचं मन आजारी आहे तो. त्यांच्या शिष्यत्वाचं माप कुठलं? येशूनं बारा जणांना नेमलं त्याचं मार्कनं दिलेलं पहिलं कारण 'त्याच्याबरोबर असावं' हे आहे. पाठवणं त्यानंतर.

ताई, तुमच्या रविवारच्या प्रार्थनेला तुम्ही फार कमी लेखताय असं मला वाटतं. तुम्हाला त्या रात्री झोप का आली नाही? ओठांनी जे म्हटलं होतं ते सहीशी भांडत होतं म्हणून. बुधवारी तुम्हाला त्या दालनापर्यंत नेलं ते त्याच रविवारनं.

---

तेलवात | सोमवार, रात्री ८.४५

अल्लेलुया सकाळ, शेवटच्या दोन ओळी वाचून डोळे भरून आले. मी असा विचार केलाच नव्हता. खरं आहे, त्या दिवशीचं स्तोत्र बुधवारी जिना चढताना माझ्या डोक्यात होतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३.५०

याच वेळेला मला मोकळीक मिळते म्हणून आत्ता लिहितेय.

माझ्या सासर्‍यांना स्मृतिभ्रंश आहे. दोन वर्षं मी मंडळीत गेले नाही, जाताच येत नाही. ते मला ओळखत नाहीत. कधी मला चोर समजून ओरडतात. चादर बदलताना हात धरून पिळतात. मी त्यांच्यावर एकदा हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. हे इथे लिहितेय कारण वर ताईंनी आपलं लिहिलं.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू पाय धुतो, ते मी लहानपणापासून ऐकत आले. शिष्य पेत्र नको म्हणतो, येशू समजावतो. माझ्या वाट्याला आलेले पाय लाथ मारतात, आणि मी कोण, त्यांना माहीत नाही. मग आठवतं की त्या रात्री त्याला धरून देणारा यहूदाही तिथेच होता.

आता मंडळीबद्दल. पहिलं वर्षभर कुणी आलं नाही. "प्रार्थना करतोय" असे निरोप यायचे. मग एके दिवशी दोघी बहिणी आल्या. एक तर माझ्याशी पूर्वी कधी बोललेलीही नव्हती. म्हणाल्या, दर गुरुवारी दुपारी आम्ही त्यांच्याजवळ बसतो, तू झोप. उपदेश केला नाही, वचन सांगितलं नाही. पहिल्या गुरुवारी मी झोपलेच नाही, नुसती रडले. दुसर्‍या गुरुवारी झोपले.

मला विचाराल मंडळी कशासाठी, तर माझ्यासाठी ती गुरुवारची दोन तासांची झोप आहे. त्या झोपेनंतर हात उगारला गेलेला नाही.

---

अल्लेलुया सकाळ | मंगळवार, सकाळी ६.५८

रात्रपाळी ताई, मी काल लिहिलं त्यापेक्षा तुम्ही जास्त नीट सांगितलंत. त्या दोघींची ती आराधनाच आहे.

---

दार बंद | मंगळवार, दुपारी १.२०

इतकं चांगलं चाललेल्या धाग्यात हे लिहू की नको, कळत नव्हतं.

मी मंडळी सोडली त्याला चार वर्षं झाली. विश्वास सोडलेला नाही. मी ज्याच्याकडे काम करायचो तो आमच्या मंडळीतला 'वडील', म्हणजे कारभार पाहणारा पुढारी होता. सात महिन्यांची मजुरी त्यानं थकवली. माझी एकट्याची नाही, आम्हा पाच जणांची. मागायला गेलो की कलस्सैकरांस पत्रातलं वचन ऐकवायचा: जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. आणि रविवारी तोच प्रभुभोजनाची थाळी घेऊन माझ्यापुढे यायचा. मी दोन रविवार ती घेतली. तिसर्‍या रविवारी उठून बाहेर आलो.

कुणी विचारायला आलं नाही. नंतर कळलं की 'तो मागे पडला' अशी माझी नोंद झाली.

---

जुना मेंढपाळ | मंगळवार, सायंकाळी ६.१०

दादा, तुम्ही मागे पडला नाहीत. तुमच्यावर अन्याय झाला आणि मंडळीनं त्याला नाव दिलं नाही.

तुम्हाला ऐकवलेलं ते वचन ज्यांना लिहिलं होतं ते दास होते. ज्यांना आपल्या श्रमावर हक्कच नव्हता त्यांना पौल सांगतो की तुमचं काम धन्याच्या नजरेपुरतं नाही, ते प्रभूच्या नजरेत आहे. ते वचन धन्यानं मजुराला ऐकवायचं नाहीच. धन्यासाठी पुढच्याच अध्यायाची पहिली ओळ आहे: तुमच्या दासांशी न्यायानं व समतेनं वागा, कारण तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायात तर मजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि कापणी करणार्‍यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो.

करिंथ इथल्या मंडळीत काही जण आधी येऊन खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौलानं त्यांना सरळ सांगितलं की तुम्ही खाता ते प्रभुभोजन नव्हेच. थाळीपुढून तुम्ही उठलात तेव्हा त्या थाळीचा मान तुम्ही राखलात, असं मी समजतो.

मजुरी बुडाली असेल तर कायद्यानं मागण्यात काही अधर्म नाही. साक्षीला, कागदपत्रांना मदत हवी असेल तर मला निरोप पाठवा. मी म्हातारा आहे, पण कचेरीत बसून राहायला वेळ भरपूर आहे.

---

पानोपानी | मंगळवार, रात्री ९.४०

तेलवात ताईंनी 'सांगावं अशी जागा' असा शब्द वापरला होता. त्यावर एक आठवलं.

१७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल इथं, मेथडिस्ट चळवळ सुरू करणार्‍या जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची. साधारण बारा-बारांचे गट केले, प्रत्येक गटावर एक जण नेमला. गटातल्या ज्याला जमत नाही त्याची पेनी नेमलेल्या माणसानं भरायची. तो दर आठवड्याला घरोघर पेनी गोळा करत फिरू लागला आणि त्याला घरं दिसू लागली. कुठे भांडण, कुठे दारू, कुठे आजारपण. वेस्लीच्या लक्षात आलं की हेच आपल्याला हवं होतं. पुढे ते गट एकत्र जमू लागले, आणि तुझ्या जिवाचं कसं चाललंय, हा प्रश्न दर आठवड्याला प्रत्येकाला विचारला जाऊ लागला. निघाले होते कर्ज फेडायला.

---

मिठाची चिमूट | बुधवार, दुपारी १२.३०

आम्ही असा गट चालवतो, म्हणून थोडा अनुभव.

आधीचा गट मोडला. एका भावानं आपल्या घरातली गोष्ट सांगितली आणि आठ दिवसांत ती 'प्रार्थनेसाठी' म्हणून सगळीकडे पसरली. तो माणूस परत कधीच आला नाही. त्याची जबाबदारी आमच्यावर आहे. त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली, त्यानं दार उघडलं, आत घेतलं नाही.

आताच्या गटात आम्ही पाच जण आहोत. पाचाच्या वर जात नाही. ऐकलेलं घरी जोडीदारालाही सांगायचं नाही, हे आधी ठरवलं. प्रश्न साधे: या आठवड्यात कुठे वाकलास? कुठे उभा राहिलास? येत्या आठवड्यात कशाची भीती आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण घडून गेल्यावर सांगण्यापेक्षा घडायच्या आधी सांगितलं तर सोबत करता येते. एका बहिणीची चौकशी होती, त्या वेळी आम्ही चौघं बाहेरच्या बाकावर बसून होतो. आम्ही काही केलं नाही. नुसते बसलो.

उपदेश सुरू झाला की आम्ही एकमेकांना थांबवतो. ते सगळ्यात अवघड जातं.

आणखी एक. बाप्तिस्मा करणार्‍या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले, काय करू म्हणून विचारायला. लूकच्या तिसर्‍या अध्यायात आहे. त्यानं त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलमानं काढू नका, पगारात तृप्त असा. जकातदारांपैकीच मत्तय नाक्यावरून उठून येशूच्या मागे गेला, जक्कय आपल्या घरीच राहिला आणि लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला. दोघांनाही येशूच भेटला होता. तेलवात ताई, तुम्ही जक्कयाच्या वाटेनं गेलात.

---

तेलवात | पुढचा सोमवार, रात्री १०.२०

उशिरा लिहितेय, कारण सांगण्यासारखं घडेपर्यंत थांबले होते.

आमच्या पाळकांना मी सगळं सांगितलं, सहीसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला तुमच्या कामातलं काही कळत नाही, समजावून सांगा." अर्धा तास मी त्यांना वर्षअखेर म्हणजे काय ते सांगत होते आणि ते वहीत लिहून घेत होते. काल उपासनेत त्यांनी एका बस चालवणार्‍या भावाला पुढे बोलावून विचारलं, उद्या या वेळेला तू कुठे असशील? तो चाचरत बोलला. घाईच्या वेळचे रस्ते, शिव्या, आणि ब्रेक दाबल्यावर मागून येणारी म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून तो काय काय करतो. सगळी मंडळी त्याच्यासाठी उभी राहून प्रार्थना करत होती. त्याची बायको रडत होती. म्हणाली, वीस वर्षांत पहिल्यांदा.

आमचाही पाच जणांचा गट ठरलाय, दर शुक्रवारी. मिठाची चिमूट, तुमचे तीनही प्रश्न घेतले.

दार बंद दादा, तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करतेय. जुना मेंढपाळ यांना निरोप पाठवला का? नसेल तर पाठवा, एकट्यानं त्या पायर्‍या चढू नका.

आणि एक नवी गोष्ट. माझ्या जुन्या जागी एक नवा मुलगा आलाय. पहिलीच नोकरी, घरी कमावणारा तो एकटा. आज संध्याकाळी मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, तुम्ही सही का नाकारली होती?" मी म्हटलं, नाकारली नव्हती, केली होती, मग मागे घेतली. तो बघतच राहिला. यंदाही तेच कागद येणार आहेत, त्याच्या टेबलावर. उद्या सुट्टीत त्याच्याशी बोलणार आहे. त्याला काय सांगायचं ते मला माहीत आहे. पण माझं ऐकून त्याची नोकरी गेली, तर मी त्याच्यासाठी काय करणार, हे अजून ठरलेलं नाही. नुसतं "प्रभू बघेल" म्हणून त्याला पुढे ढकलायचं नाही. शुक्रवारी आमच्या गटापुढे हेच ठेवते.

---

जुना मेंढपाळ | पुढचा सोमवार, रात्री १०.५५

उद्या दुपारी मी प्रार्थनेत असेन. सुट्टी किती वाजता असते तेवढं कळवा. मुलाचं नाव इथे लिहू नका, देवाला माहीत आहे.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३.१५

मी तर जागीच आहे. आत्तापासून सुरू करते.

---

दार बंद | मंगळवार, सकाळी ८.०५

काल रात्री निरोप पाठवला. आम्ही दोघं गुरुवारी जाणार आहोत. बाकीच्या चौघांनाही विचारतो.